थिएटर ऑर्गन

थिएटर ऑर्गन : चित्रपटगृहात वाजविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित झालेला नलिका-ऑर्गनचा एक प्रकार. ग्रेट ब्रिटनमध्ये त्यास ‘सिनेमा ऑर्गन’ असे म्हणतात. मूकपटाला एकाच वादकाकडून सबंध वाद्यवृंदाची साथ मिळावी, या निव्वळ व्यावहारिक हेतूने तो घडविला गेला. १९१० ते १९४० ही जेमतेम तीस वर्षे त्याच्या निर्मितीचा काळ होय. मूकपटाशी असलेला त्याचा मूळ संबंध तर त्याहूनही लवकर संपुष्टात आला. ज्या कामासाठी वाद्य निर्माण झाले ते कामच नाहीसे झाल्यावर वाद्यही सहसा वस्तुसंग्रहालयात जाते. थिएटर ऑर्गनचे तसे झाले नाही. त्याच्या स्वराशी एका सबंध पिढीच्या तारुण्याच्या आठवणी निगडित झाल्या आणि या स्मृतिरम्य जिव्हाळ्याच्या बळावर तो वाचला. हा जिव्हाळा निर्माण करण्यात वाद्याच्या रचनेइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वाटा त्याच्या वादकांचा आहे.

मराठी वाचकाच्या मनात ‘ऑर्गन’ या शब्दाने गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचापुढील वाद्याचे चित्र उभे राहते. ते वाद्य पायाने भाता चालवून वाजविण्याचे, धातूच्या पत्त्यांचे, पेटीच्या कुळातील होय. थिएटर ऑर्गनचा त्याच्याशी केवळ नामसादृश्याचा संबंध आहे. आपल्याकडील मूकपटांना साथ असे ती बहुधा पेटी-तबल्याची. नाट्यपद आठवताना त्यामागचा ऑर्गनचा भरणा आठवून हळवा होणारा मराठी रसिक आणि ब्लॅकपूलच्या नृत्यगृहातील धून ऐकून डोळे पुसणारा इंग्रज वृद्ध यांची मनोवस्था मात्र परस्परांस अगदीच अपरिचित नसावी.

रचना : थिएटर ऑर्गनमध्ये चर्चमधील ऑर्गनप्रमाणेच लाकडाच्या व धातूच्या नळ्यांतून हवा सोडून स्वरनिर्मिती होते. फरक आहे तो नळ्यांच्या योजनेत, हवेच्या दाबात व नियंत्रणाच्या पद्धतीत. चर्चच्या ऑर्गनमध्ये प्रत्येक नादप्रकारासाठी आणि प्रत्येक सप्तकस्तरासाठी नळ्यांची स्वतंत्र रांग लागते. ६१ पट्ट्यांना ६१ नळ्या असा सर्वसाधारण हिशेब असतो. थिएटर ऑर्गनमध्ये एकच रांग वरखाली वाढवून ८५ किंवा ९७ नळ्यांची केली जाते आणि विद्युत् जोडणीच्या साहाय्याने तीच रांग निरनिराळ्या सप्तकांत, हातांच्या कोणत्याही पट्टीमालेवरून किंवा पायपट्ट्यांवरून वाजविता येते. या पद्धतीस एकीकरण म्हणतात. तिच्यामुळे अवघ्या सहा-आठ रांगांचा ऑर्गन चाळीस-पन्नास प्रकारचे नाद देऊ शकतो. जागा व पैसा या दोहोंची त्यामुळे बचत झाली. चर्च-ऑर्गनच्या अभिमान्यांनी मात्र ही लबाडी असल्याची टीका केली. शुद्ध नादरचनेच्या दृष्टीने त्या टीकेत तथ्यही आहे, कारण एकच नळी एकाच वेळी दोन स्वरवाक्यांना पुरी पडू शकत नाही.

चर्च-ऑर्गनमध्ये हवेचा दाब सामान्यतः पाण्याच्या तीन-चार इंच उंचीच्या स्तंभाइतका असतो. थिएटर ऑर्गनमध्ये तो दहा ते पंधरा इंच असतो आणि काही कर्ण्यांसाठी त्याहूनही अधिक असतो. हा दाब निर्माण करणारा विजेवरील पंखा तळघरात बसविलेला असतो. नळ्या रंगमंचाच्या दोन्ही बाजूंस, नक्षीदार जाळीमागील बंद खोल्यांत दडविलेल्या असतात. खोलीच्या झडपा पायाने उघडमीट करून वादक आवाज कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत नेऊ शकतो. प्रेक्षकांना दिसतो तो केवळ कन्सोल, म्हणजे वादक बसतो तो पट्ट्यांचा चौथरा. चर्चच्या ऑर्गनमधील ओढावयाच्या खुंट्यांऐवजी येथे घोड्याच्या नालाच्या आकारात मांडलेल्या रंगीत कळा असतात आणि त्या बोटाच्या एका फटकाऱ्याने खालीवर होतात. नळ्यांच्या जोडीला खऱ्या झांजा, ढोल, झायलोफोन, घंटा ही आघातवाद्येही हवेच्या जोरावर वाजतात. मूकपटासाठी लागणाऱ्या ध्वनींची एक वेगळी सोय असते. आगगाडीची शिट्टी, घोड्यांच्या टापा, पक्ष्यांची किलबिल, दारावरची घंटा, समुद्राची गाज अशी ही सामग्री आहे. जाणकार वादक तिचा वापर जपूनच करीत असत.

या वाद्याचा सर्वांत ओळखीचा गुण म्हणजे त्याचा कंप. ‘टिबिया’ नावाची रुंद, बासरीसारख्या गोल नादाची रांग ही थिएटर ऑर्गनचा आत्मा मानली जाते. हवेच्या प्रवाहात नियमित आंदोलन उत्पन्न करणाऱ्या कंपकामुळे तिच्या स्वराला मानवी कंठासारखा, काहीसा हुंदक्यासारखा डोल येतो. चर्चमध्ये कंपकाचा वापर क्वचित, अलंकार म्हणून केला जातो. येथे तो जवळजवळ अखंड चालू असतो. प्रथमच ऐकणाऱ्यास हा नाद अतिगोड वाटण्याचा संभव आहे. पण तो ज्याच्या कानात बालपणी बसला, त्याच्या स्मृतीत तो गंधासारखा पक्का राहतो.

इतिहास : थिएटर ऑर्गनच्या मुळाशी रॉबर्ट होप-जोन्स (१८५९–१९१४) या इंग्रज संशोधकाची प्रतिभा आहे. तो व्यवसायाने दूरध्वनी कंपनीत विद्युत् अभियंता होता. इंग्लंडमधील बर्कनहेड येथील सेंट जॉन चर्चच्या ऑर्गनला १८८० नंतरच्या दशकात त्याने विजेची जोडणी बसविली. त्यामुळे कन्सोल नळ्यांपासून दूर, तारेच्या टोकाला, हवा तेथे ठेवता येऊ लागला. १९०३ मध्ये तो अमेरिकेस गेला आणि न्यूयॉर्क राज्यातील एल्माइरा येथे त्याने स्वतःचा कारखाना काढला. न्यू जर्सीतील ओशन ग्रोव्ह येथील भव्य सभागृहातील त्याचा ऑर्गन (१९०८) गाजला. कारखाना मात्र बुडाला. १९१० मध्ये रूडॉल्फ वुर्लिट्झर कंपनीने त्याचे पेटंट हक्क व कसबी कारागीर आपल्या नॉर्थ टोनावांडा येथील कारखान्यात आणले. सतत नव्या प्रयोगांचा ध्यास घेतलेला संशोधक आणि ठराविक नमुन्याचा माल वेळेवर देऊ पाहणारी कंपनी यांचे जमणे कठीणच होते. होप-जोन्सने १९१४ मध्ये रॉचेस्टर येथे आत्महत्या केली. त्याच्या कल्पनेतील वाद्यावर पुढे चित्रपटगृहांचे एक साम्राज्य उभे राहिले, ते पाहण्यास तो उरला नाही.

वुर्लिट्झर कंपनीने पुढील तीन दशकांत दोन हजारांहून अधिक ऑर्गन बांधले. ‘माइटी वुर्लिट्झर’ हे तिचे जाहिरातीतील बिरुद इतके रूढ झाले, की वुर्लिट्झर हा शब्द थिएटर ऑर्गनचा पर्याय ठरला. रॉबर्ट मॉर्टन, बार्टन, किंबल, मोलर या अन्य अमेरिकन कंपन्यांनीही या क्षेत्रात नाव मिळविले. ब्रिटनमध्ये जॉन कॉम्प्टन यांची कंपनी अग्रेसर होती. आतून विजेच्या दिव्यांनी उजळणाऱ्या काचेच्या कडा हे तिच्या कन्सोलचे वैशिष्ट्य होते. हिल, नॉर्मन अँड बिअर्ड या जुन्या कारखान्याने ‘क्रिस्टी’ या नावाने थिएटर ऑर्गन बांधले.

मूकपटाच्या वादकाचे काम अवघड होते. चित्रसंस्थेकडून येणाऱ्या सूचनापत्रकात प्रसंगागणिक कोणती चाल वाजवावी हे लिहिलेले असे. पण पत्रक कधी उशिरा येई, तर कधी येतच नसे. एर्नो रापे यांनी १९२४ मध्ये संकलित केलेल्या मोशन पिक्चर मूड्स या ग्रंथात पाठलाग, वादळ, शोक, प्रणय अशा शीर्षकांखाली तयार संगीत दिलेले होते. वादक अशा भांडारातून वेचे घेई आणि दोन वेच्यांमधील सांधा स्वयंस्फूर्तीने भरून काढी. डोळे पडद्यावर, हात पट्ट्यांवर, एक पाय खर्जाच्या पट्ट्यांवर आणि दुसरा झडपांवर, अशा स्थितीत त्याला दोन-अडीच तास काढावे लागत. लहान गावांत आठवड्यातून दोन-तीनदा चित्रपट बदले आणि पहिल्या खेळाला तो चित्रपट वादकानेही पाहिलेला नसे. रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयात १९२० नंतरच्या दशकात या कलेचे रीतसर शिक्षण दिले जात होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील लिंकन थिएटरात ‘फॅट्स’ वॉलर (१९०४–४३) हा पुढे जॅझमध्ये अजरामर झालेला कलावंत मुलग्या वयातच ऑर्गन वाजवीत असे. या व्यवसायात स्त्रियांचे प्रमाणही लक्षणीय होते. वाद्यवृंदात ज्यांना सहसा प्रवेश मिळत नसे, त्यांना येथे संपूर्ण वाद्यवृंदच हाती येई.

मोठ्या शहरांत मात्र ऑर्गनने वाद्यवृंदाची जागा घेतली असे म्हणणे बरोबर होणार नाही. तेथील चित्रप्रासादांत दोन्ही असत. न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात (१९२७) शंभराहून अधिक वादकांचा ताफा आणि एकाच ऑर्गनचे तीन कन्सोल होते. टाइम्स चौकातील पॅरामाउंट थिएटरचा ३६ रांगांचा वुर्लिट्झर १९२६ मध्ये वाजू लागला. त्याच नमुन्याचे ‘फॉक्स स्पेशल’ ऑर्गन ब्रुकलिन, डेट्रॉइट, सेंट लुइस व सॅन फ्रॅन्सिस्को येथील फॉक्स थिएटरांत बसविण्यात आले. या वाद्यांसमोर स्वतंत्र एकलवादनाचे कार्यक्रम होऊ लागले. अंधारातून प्रकाशझोतात हळूहळू वर येणारा कन्सोल, पाठमोरा वादक, त्याची ओळखीची नांदीची धून आणि पडद्यावर उमटणाऱ्या शब्दांबरोबर हजारो कंठांनी गायिलेले गीत हा अनुभव चित्रपटाइतकाच आकर्षक ठरला. थिएटर ऑर्गन हे साथीचे वाद्य न राहता नाव व चेहरा असलेल्या कलावंताचे वाद्य बनले ते या टप्प्यावर.

ऑक्टोबर १९२७ मध्ये द जॅझ सिंगर प्रदर्शित झाला आणि दोन-तीन वर्षांतच अमेरिकेतील चित्रपटगृहे बोलकी झाली. हजारो वादकांची उपजीविका एकाएकी गेली आणि त्यापाठोपाठ महामंदी आली. लहान गावांतील ऑर्गन धूळ खात पडले. काही चर्चना विकले गेले, काही भंगारात गेले. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्यूझिक हॉलमध्ये १९३२ मध्ये ५८ रांगांचा प्रचंड वुर्लिट्झर बसविण्यात आला खरा. पण तो एका युगाच्या अखेरीचा सोहळा होता.

ब्रिटनमधील क्रम याहून निराळा आहे. स्मृतिरंजनाचे स्वरूप समजण्यासाठी हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील पहिला वुर्लिट्झर वॉल्सल येथील पिक्चर हाउसमध्ये १९२५ च्या जानेवारीत वाजला. म्हणजे मूकपटाच्या ऐन उतरत्या काळात. तेथील सिनेमा ऑर्गनचे सुवर्णयुग बोलपट आल्यानंतरचे, १९३० नंतरच्या दशकातील आहे. ओडिअन, गोमाँ, ग्रॅनाडा इ. साखळ्यांच्या नव्या चित्रगृहांत दोन चित्रपटांमधील अवकाश भरण्यासाठी ऑर्गन बसविले गेले. अमेरिकन श्रोत्याच्या आठवणीतील ऑर्गन मूकपटाचा आहे. ब्रिटिश श्रोत्याचा आहे तो मध्यंतराचा, नृत्यगृहाचा व आकाशवाणीचा. त्यामुळे अमेरिकेत पुनरुज्जीवन झाले तेव्हा जुने मूकपट पुन्हा ऑर्गनसह दाखविले गेले, तर ब्रिटनमध्ये एकलवादन व नृत्यसंगीत यांची परंपरा जवळजवळ अखंड चालू राहिली.

वादक : थिएटर ऑर्गनच्या पहिल्या पिढीतील सर्वश्रेष्ठ वादक म्हणून जेसी क्रॉफर्ड (१८९५–१९६२) याचा उल्लेख करावा लागेल. कॅलिफोर्नियातील वुडलंड येथे जन्मलेल्या या कलावंताचे बालपण अनाथाश्रमात गेले. १९२१ पासून शिकागो थिएटरात व १९२६ पासून न्यूयॉर्कच्या पॅरामाउंटमध्ये त्याने अपार लोकप्रियता मिळविली. पॅरामाउंटमध्ये तो व त्याची पत्नी हेलन दोन कन्सोलवर एकत्र वाजवीत. ‘ऑर्गनचा कवी’ हे त्याचे बिरुद अतिशयोक्त नव्हते. प्रचंड वाद्य हाती असून त्याने गर्जनेपेक्षा मार्दवावर भर दिला. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची लकब, आपल्या मींडेची आठवण करून देणारी, पट्टीच्या वाद्यावर अशक्यप्राय मानली जाई. व्हिक्टर कंपनीने काढलेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या आणि ज्यांनी पॅरामाउंट कधी पाहिले नाही, त्यांनाही त्याची आठवण झाली.

ब्रिटनमध्ये रेजिनल्ड फूर्ट (१८९३–१९८०) याने या वाद्याला नभोवाणीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. बीबीसीने लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये खास बसवून घेतलेल्या कॉम्प्टन ऑर्गनचे उद्‌घाटन २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्याच्या वादनाने झाले. दोन वर्षांनी ती जागा सोडून फूर्टने एक धाडसी प्रयोग केला. मोलर कंपनीकडून पाच पट्टीमाला व २७ रांगांचा ऑर्गन बांधून घेऊन तो मालमोटारींच्या ताफ्यातून गावोगाव नेला. वास्तूशी जखडलेले हे वाद्य तंबूच्या नाटकाप्रमाणे फिरते करण्याचा हा उद्योग युद्धामुळे मंदावला. या ऑर्गनचे पुढील प्रवासही चमत्कारिक आहेत. युद्धानंतर तो बीबीसीने घेतला, १९६० नंतरच्या दशकात तो नेदर्लंड्समध्ये गेला आणि अखेर कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील नागरी सभागृहात १९८० मध्ये स्थिरावला.

फूर्टच्या जागी आलेला कॅनडियन वादक सँडी मॅकफर्सन (१८९७–१९७५) याच्या वाट्याला वेगळेच ऐतिहासिक कार्य आले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेल्यावर बीबीसीने आपले बहुतेक कलावंत लंडनबाहेर हलविले आणि पहिल्या काही दिवसांत बातम्या, सरकारी सूचना व ध्वनिमुद्रिका यांखेरीज श्रोत्यांच्या कानी पडे तो मुख्यतः मॅकफर्सनचा ऑर्गन. दिवसातून अनेकदा तो वाजवी. काही श्रोते कंटाळले, तक्रारीही झाल्या. परंतु आघाडीवरील सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांचे निरोप आणि आवडीची गीते प्रसारित करणारे त्याचे नंतरचे कार्यक्रम लोकांनी मनापासून जपले. सेंट जॉर्जेस हॉलमधील ऑर्गन युद्धकाळातील बाँबहल्ल्यांत नष्ट झाला. ब्रिटिश श्रोत्यांच्या एका पिढीसाठी थिएटर ऑर्गनचा स्वर हा करमणुकीचा नसून विरहाचा व धीराचा स्वर आहे, याचे कारण या वर्षांत सापडते.

ब्लॅकपूल येथील टॉवर बॉलरूमचा रेजिनल्ड डिक्सन (१९०४–८५) याची लोकप्रियता सर्वांहून दीर्घकालीन ठरली. १९३० मध्ये तो तेथे रुजू झाला आणि, युद्धातील सेवेचा खंड वगळता, १९७० पर्यंत त्याने ते आसन सोडले नाही. १९३५ मध्ये स्वतःच्या कल्पनेनुसार त्याने तेथे १४ रांगांचा नवा वुर्लिट्झर बसवून घेतला. लँकाशर व यॉर्कशरच्या कापडगिरण्यांतील कामगार उन्हाळ्याच्या सुटीत सहकुटुंब समुद्रकाठी येत आणि त्याच्या वादनावर नाचत. नृत्यासाठी लागणारी ठाम लय डाव्या हाताने व पायाने राखून उजव्या हाताने खेळकर धून काढण्याची त्याची धाटणी ‘ब्लॅकपूल शैली’ म्हणून ओळखली जाते. सूक्ष्म अभिरुचीच्या समीक्षकांनी तिला ठोकळेबाज म्हटले. तथापि वर्षातून एकदाच सुटी मिळणाऱ्या श्रोत्याला काय हवे आहे, हे डिक्सनला त्यांच्यापेक्षा अधिक कळले होते.

क्वेंटिन मॅक्लीन (१८९६–१९६२) याचे शिक्षण लाइपसिक येथे माक्स रेगर व कार्ल श्ट्राउब यांच्याकडे झाले होते. लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागातील ट्रोकॅडेरो या कामगारवस्तीच्या चित्रगृहात तो लोकप्रिय चालींबरोबर अभिजात रचनाही तितक्याच आस्थेने ऐकवी. तेथील २१ रांगांचा वुर्लिट्झर हा यूरोपमध्ये आलेला सर्वांत मोठा होय. सिडनी टॉर्च (१९०८–९०) याने जॅझच्या लयीने सिनेमा ऑर्गनमध्ये विलक्षण चापल्य आणले. १९३७ मध्ये किलबर्नच्या गोमाँ स्टेटमधील ऑर्गनचे त्याने उद्‌घाटन केले. पण युद्धानंतर हे वाद्य सोडून तो वाद्यवृंदाचा संचालक झाला.

अमेरिकेत जॉर्ज राइट (१९२०–९८) याने १९५० नंतरच्या दशकात हे वाद्य नव्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचविले. दीर्घवादन ध्वनिमुद्रिका व उच्च प्रतीची ध्वनियंत्रे यांची तेव्हा नुकतीच चलती सुरू झाली होती आणि ऑर्गनचा खोल खर्ज हा त्या यंत्रांच्या कसोटीचा विषय बनला. शिकागोच्या पाडलेल्या पॅराडाइज थिएटरमधून आलेल्या पाच पट्टीमालांच्या वुर्लिट्झरवर त्याने केलेल्या मुद्रिका मोठ्या प्रमाणावर खपल्या. विस्मृतीत जाणारे वाद्य अद्ययावत तंत्राच्या वेडामुळे पुन्हा ऐकले गेले, हा योगायोग गमतीचा आहे. गेलर्ड कार्टर (१९०५–२०००) याने १९२६ मध्ये लॉस अँजेल्स येथील चित्रगृहात मूकपटांना साथ केली होती; १९६० नंतर त्याच चित्रपटांना पुन्हा साथ देत तो देशभर फिरला. रोझा रिओ (१९०२–२०१०) हिने मूकपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी ही तिन्ही युगे वाजवून पाहिली. वयाची शंभरी ओलांडल्यावरही फ्लॉरिडातील टँपा थिएटरात ती मूकपटांना साथ करीत असे. तिच्या निधनाने मूकपटाच्या काळाशी असलेला एक अखेरचा जिवंत दुवा निखळला.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : दुसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणीमुळे प्रेक्षक घटले आणि चित्रप्रासाद पाडले जाऊ लागले. रॉक्सी १९६० मध्ये व सॅन फ्रॅन्सिस्कोचे फॉक्स १९६३ मध्ये जमीनदोस्त झाले. लंडनचे ट्रोकॅडेरोही १९६३ मध्ये गेले. ब्रिटनमधील अनेक चित्रगृहांत बिंगोचा खेळ सुरू झाला. थिएटर ऑर्गनचे दुर्दैव असे, की तो व्हायोलिनप्रमाणे पेटीत घालून नेता येत नाही. त्याच्या नळ्या विशिष्ट खोल्यांच्या मापाने, नाद विशिष्ट सभागृहाच्या घुमाऱ्यासाठी जुळविलेला असतो. तारांचे जुडगे, हजारो चामडी पडदे, भाते हे सर्व उतरवून पुन्हा जोडणे म्हणजे नवे वाद्य बांधण्यासारखेच होय. चामड्याचे आयुष्यही काही दशकांचेच असते. वास्तू गेली, की वाद्याचा अर्धा आवाज तिच्याबरोबर जातो.

हे काम पैशापेक्षा प्रेमानेच होण्यासारखे होते. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात रसिकांची एक संघटना स्थापन झाली. तीच पुढे ‘अमेरिकन थिएटर ऑर्गन सोसायटी’ म्हणून प्रसिद्धीस आली. ब्रिटनमध्ये ‘सिनेमा ऑर्गन सोसायटी’ने ट्रोकॅडेरोचा ऑर्गन विकत घेऊन सुरक्षित ठेवला, १९७९ मध्ये तो साउथ बँक पॉलिटेक्निकच्या सभागृहात पुन्हा वाजला आणि नंतर लंडनच्याच ट्रॉक्सी या जुन्या चित्रगृहात नेण्यात आला. वॉल्सलचा पहिला वुर्लिट्झर डेव्हनमधील बिअर या मच्छीमार गावाच्या चर्चमध्ये गेला. पॅरामाउंटचा ऑर्गन कॅन्ससमधील विचिटा येथे, तर सॅन फ्रॅन्सिस्को फॉक्सचा हॉलिवुडच्या एल कॅपिटन थिएटरात पोहोचला. पॅरिसच्या गोमाँ-पॅलेस या प्रचंड चित्रगृहाचा क्रिस्टी ऑर्गन, ती वास्तू १९७० नंतरच्या दशकात पाडल्यावर, नोझाँ-स्युर-मार्न येथील बाल्तार मंडपात बसविण्यात आला. हा मंडपही पॅरिसच्या जुन्या मंडईतून उचलून आणलेला आहे. आपले चित्रगृह गमावलेला ऑर्गन आणि आपली मंडई गमावलेला मंडप यांचा हा सहवास या वाद्याच्या भागधेयाचे नेमके दर्शन घडवितो.

काही ठिकाणी मात्र ऑर्गनने वास्तूला वाचविले. ओहायओ राज्यातील कोलंबस येथील ओहायओ थिएटर १९६९ मध्ये पाडले जाणार होते. तेथे १९३० नंतरच्या दशकात वाजविणाऱ्या रॉजर गॅरेटला निरोपाच्या वादनासाठी बोलावण्यात आले. त्या कार्यक्रमांनी शहरातील लोकांचे मन हलले आणि निधी उभा राहून थिएटर वाचले. अटलांटाच्या फॉक्स थिएटरची जागा दूरध्वनी कंपनीला मुख्यालयासाठी हवी होती. स्वयंसेवकांनी आधीच दुरुस्त करून वाजता ठेवलेला ४२ रांगांचा मोलर ऑर्गन तेथील १९७४ ते १९७८ या काळातील बचाव चळवळीचे एक प्रतीक बनला. केवळ हळवेपणा म्हणून स्मृतिरंजनाची हेटाळणी करणाऱ्यांनी ही उदाहरणे पाहावीत.

या जिव्हाळ्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. आठवणीसाठी येणारा श्रोता आठवणीतलीच धून मागतो. १९२५ ते १९४० च्या गीतांभोवती कार्यक्रम फिरत राहिले आणि या वाद्यासाठी स्वतंत्र, नव्या रचना फारशा झाल्या नाहीत. क्रॉफर्डची नक्कल हुबेहूब करणारे निपजले. क्रॉफर्डप्रमाणे वाद्याची नवी भाषा घडविणारे विरळा. मूळ श्रोत्यांची पिढी आता जवळजवळ संपली आहे. ‘दि ऑर्गनिस्ट एंटरटेन्स’ हा बीबीसीवरील १९६९ पासून चालत आलेला साप्ताहिक कार्यक्रम २०१८ मध्ये बंद झाला, तेव्हा ब्रिटनमधील रसिकांनी तीव्र नापसंती व्यक्त केली.

आजही काही मोजके ऑर्गन आपल्या मूळ जागी वाजतात. ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये नर्तक अजून फेर धरतात. लंडनच्या लेस्टर चौकातील ओडिअनमध्ये १९३७ चा कॉम्प्टन, तर डेट्रॉइट व सेंट लुइस येथील फॉक्स थिएटरांत वुर्लिट्झर शाबूत आहेत. रिचर्ड हिल्स, सायमन ग्लेडहिल यांसारखे नंतरच्या पिढीतील इंग्रज वादक अभिजात व लोकप्रिय अशा दोन्ही शैलींत वाजवितात. जुन्या ऑर्गनची एकेक नळी ध्वनिमुद्रित करून संगणकाद्वारे घरच्या घरी तो नाद काढण्याची सोयही झाली आहे. ॲरिझोनातील मेसा येथील एका भोजनगृहात डेन्व्हरच्या चित्रगृहातून आणलेला, १९२७ चा वुर्लिट्झर वाढवून बसविला असून त्याच्या नळ्यांची संख्या सहा हजारांच्या घरात गेली आहे. पीत्झा खात बसलेल्या कुटुंबांसमोर कन्सोल जमिनीतून फिरत वर येतो. समोर बसलेल्या मुलांनी मूकपट बहुधा पाहिलेला नसतो. वादक त्यांना अलीकडच्या चित्रपटांतील चाली वाजवून दाखवितो आणि मध्येच आगगाडीची शिट्टी फुंकतो.